बटणावर लिहिलेला वाटा

एका बटणावर मी माझ्या हातानं लिहिलेल्या शब्दापायी आत्याचं माहेर तुटायची पाळी आली होती. लोकांना सांगितलं की हसतात. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं, आणि लाज वाटायची सुरुवात तिथूनच आहे.

मी नागपुरात घरी बसून वेबसाइट करून देतो. कपड्यांच्या दुकानांच्या, शिकवण्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. हे झालं पोटाचं काम. मनाचं काम वेगळं. फोटोंचे अल्बम इंटरनेटवर मांडायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, कोणीही उतरवून घ्यावं आणि आपल्या साइटवर बसवावं. त्याला मी प्लगिन लिहून देतो. प्लगिन म्हणजे सदऱ्याला मागाहून शिवलेला खिसा. नसला तरी सदरा अंगात जातो, असला तर बरं पडतं. माझा खिसा होता शेअरच्या बटणाचा. फोटोखाली एक बटण, दाबलं की तो फोटो मोबाईलवरून पाहिजे त्याला पाठवता येतो, आणि बटणाशेजारी आकडा दिसतो, हा फोटो आजवर किती वेळा पाठवला गेला त्याचा. कुठल्या कुठल्या देशातले लोक ते वापरतात आणि मला 'थँक्यू' लिहून पाठवतात. बायको विचारते, त्या थँक्यूची भाजी करू का वरण करू?

आता प्रत्येक प्लगिनला भाषेची एक फाईल असते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला आपला. 'शेअर'ला मराठीत काय म्हणायचं यावरून भाषांतर करणाऱ्या इतर मंडळींशी माझं कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, 'सामायिक करा'. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, अहो, तुमच्या घरात जन्मात कोणी कोणाला म्हटलंय का, ही जिलबी सामायिक कर म्हणून? आमच्याकडे पेढे वाटतात, लग्नाच्या पत्रिका वाटतात, शिरणी वाटतात. मग फोटो काहून नाही वाटायचे? बटणावर लिहा 'वाटा'. दोन अक्षरं, मोबाईलवर ऐसपैस मावतात. त्यांच्यातल्या एकानं फार सभ्यपणे लिहिलं की या शब्दाचा दुसराही अर्थ होतो, तेवढा विचार करावा. मी उत्तर ठोकलं, मराठी माणसाला संदर्भ कळतो, तुम्ही काळजी करू नका. आणि प्लगिन माझं, फाईल माझी, म्हणून 'वाटा' लिहून मोकळा झालो. दोन दिवस मी असा काही फुशारलेला होतो की घरच्यांना वाटलं मोठं काम मिळालं.

बाबा आणि काका काटोलजवळच्या आमच्या गावी राहतात. आमची संत्र्याची बाग आहे. गेल्या थंडीत आम्ही सगळे बागेत रोडग्यांच्या जेवणाला जमलो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि झाडाखाली सतरंज्या. आत्याही आली होती. ही बाबांच्या पाठची आणि काकांच्या आधीची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा नागपूरला लागूनच असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बिलं बनवतो, आणि गोडाऊनच्याच मागं भाड्याच्या दोन खोल्यांत मुलगा, सून आणि आत्या राहतात.

आत्याचा बागेत काही हिस्सा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आजोबा गेले तेव्हा बाबा आणि काका तिला काटोलला घेऊन गेले आणि तिनं हक्कसोड करून दिली, म्हणजे बापाच्या जमिनीतलं मला काही नको असं लिहून दिलं. कोणी जबरदस्ती केली नाही. आमच्याकडे बहिणी देतातच तसं. नाही दिलं तर माहेर राहत नाही. सही झाल्यावर भावांनी तिला चांगलं लुगडं घेतलं, हॉटेलात जेवू घातलं आणि बसमध्ये बसवून दिलं. तेव्हापासून प्रत्येक बहाराला, म्हणजे फळ उतरलं की, बागेतली संत्र्यांची एक पेटी तिच्या घरी जाते. सणाला तिला आणायला जातात. सगळं अगदी छान चाललेलं होतं.

तर रोडग्यांच्या दिवशी मी धडाधड फोटो काढले. प्रत्येकाला वेगवेगळं झाडापाशी उभं केलं. आत्यानं एका फांदीवर हात ठेवला होता, आणि उन्हानं डोळे बारीक झाले होते. घरी येऊन मी सगळे फोटो माझ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवले, प्रत्येकाला नाव दिलं, खाली माझं लाडकं बटण लावलं आणि दुवा घरच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी फोटो बघितले, पुढे पाठवले. बटणाशेजारचे आकडे वाढायला लागले आणि मी दिवसातून चारदा ते उघडून बघायचो. मला आकडे दिसत होते. दुसरं काही दिसत नव्हतं.

मग बहार निघाला आणि बाबांचा फोन आला.

"बाईनं पेटी वापस पाठवली," ते म्हणाले. बाबा आणि काका आत्याला बाई म्हणतात. "टेम्पोवाला वाडीपर्यंत घेऊन गेला. तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणे, घेऊन जा, म्या काही मागतलं नव्हतं."

"काहून?"

"मले काय माहीत काहून! तुह्या काकूनं फोन केला त बाई रडून राहिली. म्हणे मले शून्य लिहून दाखवलं. काका म्हणते, तिच्या पोरानं कान भरले असन, वाटा मागून राहिला असन. तू तिकडं काय लिहिलं गा, तुह्या त्या साइटवर?"

"मी काय लिहिणार? फोटो टाकले."

"वाटा लिहिलं म्हणते ती."

हे ऐकून मला हसू आलं. खरंच आलं. मी म्हणालो, "अहो बाबा, ते बटण आहे," आणि हसत हसतच पान उघडलं, त्यांना समजावून सांगावं म्हणून. आणि मग मी ते पान आत्यासारखं वाचलं. वरून खाली, एकेक अक्षर.

काका, बागेत. वाटा १४.

बाबा, बागेत. वाटा ९.

आत्या, बागेत. वाटा ०.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडून बाबा "हॅलो, हॅलो" करत होते आणि मी ते तीन आकडे पुन्हा पुन्हा वाचत होतो. कोणा दुष्मनानं ठरवून लिहिलं असतं तरी इतकं नेमकं लिहिता आलं नसतं. संदर्भ कळतो म्हणे! संदर्भ तिलाच तर बरोबर कळला होता. बागेचा फोटो, तीन भावंडं, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याचा वाटा.

मी बाबांना कसंबसं सांगितलं की चूक माझी आहे, तिच्या पोराचा यात काही संबंध नाही. ते म्हणाले, "मंग जा आन मिटवून ये. आन ते बटन काढ आधी." मी फाईल उघडली, 'वाटा' खोडून 'पाठवा' लिहिलं, आणि गाडी काढून वाडीला निघालो.

अमरावती रोडला ट्रकांची रांग लागलेली होती. मी हॉर्न वाजवत, शिव्या देत चाललो होतो, आणि शिव्या सगळ्या मलाच होत्या. आत्याला काय सांगायचं ते मनात घोळवत होतो. मला वाटत होतं, गैरसमज आहे, समजावलं की संपलं. तिचं माहेर परत जागच्या जागी जाईल.

ती दारातल्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. पलीकडं गोडाऊनमध्ये ट्रक मागं घेत होते आणि कोणीतरी ओरडून दिशा देत होता. एरवी ती मला लांबून बघूनच "आला का रे माह्या राजा" म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही. पण उठली आणि पाणी आणून दिलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"पेटी काहून वापस केली, आत्या?" मी विचारलं.

"म्या मागतली होती का?"

"दरवर्षी येते ना पण."

"दरवर्षी येत होती तवा माह्या नावाखाली शून्य लिहून कोणी जगाले दाखवत नव्हतं." तिनं ताट बाजूला सारलं. "एक सांग मले. म्या कधी वाटा मागतला का गा? तुह्या बापानं सही कर म्हटलं, केली. काय लिहिलं आहे ते वाचून बी नाही पाहिलं. आजपावेतो तोंडातून शब्द नाही काढला. सूनबाईनं मोबाईल दाखवला त माह्या पायाखालची जमीनच सरकली. लोक काय म्हणतीन? म्हणतीन, बुढीनं मागतला असन, म्हणून भावांनी लिहून टाकलं."

तिचे डोळे भरून आले आणि मी खाली बघायला लागलो. गाडीत मी जी जी वाक्यं जुळवली होती ती सगळी दुसऱ्याच दुःखासाठी होती. मला वाटलं होतं तिला शून्याचं वाईट वाटलं. शून्य तिला माहीत होतं, ते तिनंच स्वतःच्या हातानं सही करून घेतलं होतं. तिला लागलं ते हे की आपण मागितल्यासारखं दिसलं. न मागणं हीच बाईची जन्माची कमाई होती आणि मी तिच्यावरच घाला घातला होता.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. की आत्या, हे जमिनीचं नाही. पेढे वाटा म्हणतो ना आपण, पत्रिका वाटा म्हणतो ना, तसं हे. फोटो वाटा. दुसऱ्याले पाठवा म्हणून. ते अकलेचे तारे मी तोडले. बाबांना माहीतही नाही, काकांना माहीत नाही. माझा एकट्याचा गाढवपणा.

तिच्या तोंडावर हळूच हसू आलं.

"पेढे वाटा?"

"हो."

"मंग पेढ्याचा फोटो टाकायचा होता ना गा, बागेचा काहून टाकला!" आणि ती खळखळून हसली, पदरानं डोळे पुसत हसली. आतून सूनही हसली. मीही हसलो, सुटल्यासारखा. मग ती म्हणाली, "पण तू एवढा शिकलेला, तुले नाही दिसलं का हे?"

तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटत होतं. मी काहीतरी बोललो, की कामाच्या नादात राहून गेलं वगैरे. खरं उत्तर असं होतं की मला तो अर्थ दिसायचं कारणच नव्हतं. बाबांच्या मागं त्यांच्या हिश्श्याची बाग माझीच आहे, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही आणि मला कधी कोणी सांगितलेलं नाही. त्याच बागेच्या पैशावर शिकलो, त्याच पैशावर पहिला कंप्युटर घेतला. ज्याला वाटा जन्मतःच मिळालेला असतो तो 'वाटा' वाचतो आणि त्याला पेढे आठवतात. आत्याला पेढे कसे आठवणार होते?

"दाखव आता काय लिहिलं ते," ती म्हणाली. मी माझ्या मोबाईलवर तिचा फोटो उघडला. फोटोखाली आता 'पाठवा' होतं. तिनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"पाठवा. हे बरं आहे. आन हे शून्य मंग काहाचं?"

शब्द बदलायच्या घाईत आकडा काढायचं मला सुचलंच नव्हतं.

"हा फोटो किती वेळा पाठवला, त्याचं ते शून्य."

"म्हणजे माहा फोटो कोणीच कोणाले पाठवला नाही?"

"लोकांनी बघितला ना, आत्या. बघितला त्याचा आकडा येत नाही फक्त."

"तू बी नाही पाठवला?"

दिवसातून चारदा मी ते पान उघडत होतो. काकांचे चौदा झाले म्हणून खूष होत होतो. तिच्या फोटोवरून माझं बोट दरवेळी पुढे सरकून गेलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. लाज वाटते म्हणतात ती काय असते ते मला त्या ओट्यावर कळलं.

आत्याला मात्र राग आला नाही. उलट मघाच्या हसण्यानं ती मोकळी झाली होती. "आण इकडं," ती म्हणाली. "मीच पाठवते भावाले. म्हणीन, पाहा, तुही बहीण कशी दिसून राहिली बागेत. त्याचा बी राग जाईन." तिनं सुनेकडून स्वतःचा मोबाईल मागवला, सुनेनं पान उघडून दिलं, आणि आत्यानं बोट चांगलं दाबून धरून बटण दाबलं. मी तिला बाबांचं नाव निवडून दिलं. फोटो गेला. शून्याचा एक झाला. ती म्हणाली, "झालं बापा!" आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मला वाटलं, मिटलं.

चहा यायच्या आधीच माझा फोन वाजला. बाबा होते. बाबांचा आवाज बागेच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा, त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. मी फोन कानाला लावला तरी एकेक शब्द ओट्यावर ऐकू येत होता.

"बाईनं हे काय पाठवलं गा? तू त म्हटलं गैरसमज आहे! हे पाहा, इथं साफ लिहिलं आहे. 'आत्या, बागेत. तुम्हीही वाटा.' म्हणजे बाग वाटा म्हणून राहिली का ती?"

ते वाक्य माझंच होतं. बटण दाबलं की फोटोबरोबर एक छोटासा निरोप आपोआप जातो, आधी फोटोचं नाव आणि मग 'तुम्हीही वाटा', म्हणजे तुम्हीही हा फोटो पुढे पाठवा. ते वाक्य फाईलमध्ये चार ओळी खाली होतं. मी वरची ओळ बदलली आणि खालची तशीच राहिली.

"विचार तिले," बाबा म्हणत होते, आणि आता त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरल्यासारखा होता. "तिच्यासमोरच आहे ना तू? काय पायजे म्हणा तिले. जे आहे ते एकदाचं सांगून टाक म्हणा. विचार."

आत्याचा हात गव्हाच्या ताटाकडे जाता जाता थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती. मघासारखी रडवेली नव्हती, हसतही नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिला कोणीतरी हे विचारलं होतं, आणि ती बसली होती, ऐकत. मी फोन तिच्या हातात द्यायला पाहिजे होता. नुसता हात लांब केला असता तरी झालं असतं.

"काही नाही, बाबा," मी घाईघाईनं म्हणालो. "तिले काही नाही पाहिजे. ते मशीननं आपोआप लिहिलं. ती त हसून राहिली इथं. तिचं काही म्हणणं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा सुटकेचा श्वास मला ऐकू आला. "मंग पेटी पाठवतो तिची." त्यांनी फोन ठेवला. खरं सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला होता.

आत्यानं ताट परत पुढ्यात ओढलं. एक खडा उचलून अंगणात टाकला. मग वर न बघताच म्हणाली, "तो त विचार म्हणत होता ना गा? तू मले विचारलंच नाही."

पेटी गेली. तिनं ती ठेवून घेतली, सणालाही आली, बाबा-काकांशी पहिल्यासारखीच बोलली. तिचं माहेर शाबूत आहे, घरात सगळे म्हणतात मी छान मिटवलं. फाईलमधली खालची ओळही मी त्याच दिवशी बदलली. तिला मी अजून विचारलेलं नाही.